विश्लेषण : खाजणातला नेचा आणि भातखाचरातला नेचा एकमेकांचे सख्खे कसे ठरले?

रत्नागिरीच्या खाड्यांकाठी खारफुटीच्या सावलीत माणसापेक्षा उंच वाढणारा एक नेचा आहे. त्याच नद्यांच्या वरच्या अंगाला, पावसाळ्यात पाणी साचलेल्या भातखाचरांत आणि ओहोळांच्या काठी दुसरा, जेमतेम वीत-दीड वीत उंचीचा मऊ नेचा उगवतो. दिसायला एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. १७५३ मध्ये या दोघांना एकाच प्रजातीचे नाव मिळाले. पुढे ते चुकीचे ठरवून दोघांची ताटातूट झाली आणि डीएनएच्या अभ्यासाने त्यांना पुन्हा शेजारी आणून बसवले. हे कसे घडले आणि कोकणातल्या कांदळवनांसाठी त्याचे महत्त्व काय, याविषयी…

नेचा म्हणजे नेमके काय?

नेच्याला फूल येत नाही, फळ येत नाही आणि बीही धरत नाही. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके, रेषा किंवा मखमलीसारखा थर दिसतो. त्या असतात बीजाणूधानी. त्यातून धुळीसारखे बारीक बीजाणू उडतात. ओल मिळाली की बीजाणूपासून नखाएवढी हिरवी चकती तयार होते आणि त्या चकतीवर फलन होऊन नेच्याचे नवे रोप उभे राहते.

कोकणातल्या माणसाला नेचे नवे नाहीत. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर, विहिरीच्या आतल्या भिंतीवर काळ्या देठाचा हंसराज उगवतो. कातळाच्या फटीत पंख्यासारखी मोरशिखा दिसते. औषधी म्हणून वापर असल्याने या दोघांना मराठीत स्वतःची नावे मिळाली. बाकीच्या बहुतेकांना ‘नेचा’ या एकाच शब्दात गुंडाळले जाते. या लेखातल्या दोन नेच्यांचेही तेच झाले आहे. त्यांची ओळख पटवायची तर शास्त्रीय नावांचाच आधार घ्यावा लागतो.

हे दोन नेचे कसे ओळखायचे?

खाजणातल्या नेच्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियम. जाड, चामड्यासारख्या लांब पर्णिका असलेली त्याची पाने तीन मीटरपर्यंत वाढतात. दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्यांच्या पट्ट्यात जिथे भरतीचे पाणी रोज पोहोचत नाही आणि गोडे पाणी येऊन मिसळते, अशी जमिनीकडची बाजू त्याला मानवते. पानाच्या शेंड्याकडच्या काही पर्णिका उलटून पाहिल्या की त्यांची मागची बाजू पूर्णपणे गंजाच्या रंगाच्या थराने मढलेली दिसते. ठिपके नाहीत, रेषा नाहीत, सलग थर. हीच त्याची खूण. ग्रीक भाषेत ‘अ‍ॅक्रोस’ म्हणजे टोक आणि ‘स्टिकोस’ म्हणजे ओळ. ‘ऑरियम’ हा लॅटिन शब्द, अर्थ सोनेरी.

दुसऱ्याचे नाव सेराटोप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडिस. हा चिखलात मुळे रोवतो किंवा पाण्यावर तरंगतोही. त्याची पाने दोन प्रकारची असतात. वांझ पाने रुंद व मऊ, तर बीजाणू धरणारी पाने बारीक फाटे फुटलेली, हरणाच्या शिंगांसारखी. ‘केरास’ म्हणजे शिंग आणि ‘टेरिस’ म्हणजे नेचा, म्हणून सेराटोप्टेरिस. पानांवरच छोटी रोपे फुटतात आणि गळून पाण्याबरोबर पसरतात. आशियातल्या काही देशांत त्याची कोवळी पाने भाजी म्हणून खाल्ली जातात.

लिनियसने दोघांना एकत्र का ठेवले?

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याचा ‘स्पीशीज प्लँटारम’ हा ग्रंथ १७५३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दी नाव देण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा त्या विशिष्ट जातीचा. आजही वनस्पतींच्या नावांचा हिशेब १ मे १७५३ या दिवसापासून धरला जातो. त्याआधीची नावे, ती कितीही जुनी असोत, नियमाने ग्राह्य धरली जात नाहीत.

नेच्यांना फुले नसल्याने लिनियसपुढे प्रश्न होता की त्यांचे गट पाडायचे कशावरून? त्याने बीजाणूधानींची मांडणी हा निकष घेतला. गोल ठिपके असतील तर एक प्रजाती, कडेने रेषा असेल तर दुसरी, आणि पानाची मागची बाजू पूर्ण झाकली गेली असेल तर अ‍ॅक्रोस्टिकम. खाजणातला नेचा या व्याख्येत चपखल बसला. पाण्यातल्या नेच्याच्या अरुंद, दुमडलेल्या पानांची मागची बाजूही बीजाणूधानींनी भरलेली दिसते. म्हणून तोही त्याच खान्यात गेला आणि त्याचे नाव झाले अ‍ॅक्रोस्टिकम थॅलिक्ट्रॉइडिस. हे नाव देताना लिनियससमोर श्रीलंकेतून गोळा झालेले नमुने होते.

हा निकष सोयीचा होता, पण फसवाही होता. पानाची मागची बाजू बीजाणूधानींनी झाकली जाणे हे नेच्यांच्या वेगवेगळ्या कुळांत, एकमेकांशी संबंध नसताना, अनेकदा घडले आहे. पंख असल्याने वटवाघूळ पक्षी ठरत नाही, तसेच हे. परिणामी पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अ‍ॅक्रोस्टिकम ही प्रजाती म्हणजे अडगळीची खोली झाली. झाडांवर वाढणारे, ओढ्याकाठचे, डोंगरावरचे असे कितीतरी नेचे तिच्यात कोंबले गेले. आज त्यातले बहुतेक बाहेर काढले गेले असून साधारणपणे तीनच जाती उरल्या आहेत. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवरचा ऑरियम, आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा स्पेसिओसम आणि अमेरिका खंडातला डॅनिफोलियम.

मग त्यांची ताटातूट कोणी केली?

फ्रान्सचा अडॉल्फ ब्राँन्यार याने १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्यातल्या नेच्यासाठी सेराटोप्टेरिस ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. बीजाणूधानी पानाच्या दुमडलेल्या कडेखाली असतात, सर्वत्र पसरलेल्या नसतात, हे बारकाईने पाहिल्यावर लक्षात येते. १८२५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम हूकर याने दक्षिण अमेरिकेतून आलेल्या अशाच एका पाणनेच्याला, तो गोळा करणाऱ्या पार्कर यांच्या नावावरून, पार्केरिया म्हटले आणि त्यासाठी वेगळे कुळही मानले. पुढे पार्केरिया आणि सेराटोप्टेरिस एकच असल्याचे स्पष्ट झाले. आधीचे नाव टिकते, या नियमाने पार्केरिया हे प्रजातीचे नाव मागे पडले. कुळाचे नाव मात्र विसाव्या शतकातल्या अनेक पुस्तकांत कायम राहिले.

या फारकतीला पुढे गुणसूत्रांचाही आधार मिळाला. अ‍ॅक्रोस्टिकमच्या गुणसूत्रांचा मूळ संच ३० चा, तर सेराटोप्टेरिसचा ३९ चा. एक खारट चिखलात वर्षानुवर्षे उभा राहणारा, दुसरा गोड्या पाण्यात काही महिन्यांत जीवनचक्र उरकणारा. इतके फरक असताना त्यांना जवळचे मानण्याचे कारणच उरले नव्हते. लिनियसने ढोबळ साम्यावरून केलेली गल्लत म्हणून हे प्रकरण मिटले, असेच सर्वांना वाटत होते.

डीएनएने काय दाखवले?

१९९० च्या दशकात नेच्यांच्या हरितलवकातले आरबीसीएल नावाचे जनुक वाचून त्यावरून वंशावळ मांडायला सुरुवात झाली. हे जनुक प्रकाशसंश्लेषणाशी संबंधित असल्याने जवळजवळ प्रत्येक हिरव्या वनस्पतीत असते. त्यामुळे वेगवेगळ्या वनस्पतींची तुलना करणे सोपे जाते. या अभ्यासांत अ‍ॅक्रोस्टिकम आणि सेराटोप्टेरिस एकाच फांदीवर, एकमेकांना लागून आले. अधिक जाती आणि अधिक जनुके घेऊन झालेल्या नंतरच्या अभ्यासांतही हा निष्कर्ष टिकला.

२०१६ मध्ये जगभरातल्या ९४ नेचेतज्ज्ञांनी मिळून एक सामायिक वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात नेचे आणि त्यांच्या जवळच्या वनस्पतींच्या ११,९१६ जाती, ३३७ प्रजाती आणि ५१ कुळे मोजली आहेत. त्यानुसार हे दोघे टेरिडेसी या मोठ्या कुळात, पार्करिऑइडी या उपकुळात येतात. त्या उपकुळात या दोनच प्रजाती आहेत. हंसराज आणि मोरशिखाही टेरिडेसी कुळातल्याच, पण वेगळ्या उपकुळांतल्या. म्हणजे नात्याच्या भाषेत सांगायचे, तर गडग्यावरचा हंसराज हा या दोघांचा चुलत नातेवाईक आणि हे दोघे मात्र सख्खे. हूकरची पार्केरिया प्रजाती कधीच बाद झाली, तरी तिचे नाव उपकुळाच्या रूपाने जिवंत आहे.

म्हणजे लिनियस बरोबर होता का? तसे म्हणता येत नाही. त्याने या दोघांबरोबर ज्या इतर नेच्यांना अ‍ॅक्रोस्टिकममध्ये ठेवले होते, ते खरोखरच दूरचे निघाले. या दोघांच्या बाबतीत उत्तर जुळले, पण त्याची रीत चुकीची होती. त्याला वेगळे करणाऱ्यांचे निरीक्षणही चुकीचे नव्हते. दोन्ही नेचे खरोखरच खूप वेगळे आहेत. फक्त फरक मोठे असले, म्हणजे नाते दूरचे असतेच असे नाही. एकाच घरातला एक मुलगा दर्यावर्दी आणि दुसरा शेतकरी होऊ शकतो.

नाते बदलले, तरी नाव का टिकले?

शास्त्रीय नाव सतत बदलते, अशी तक्रार नेहमी होते. प्रत्यक्षात नावाचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने बदलतात. प्रजातीचे नाव हे नात्याविषयीचे मत असते. पुरावा बदलला की ते बदलू शकते. जातीचे नाव मात्र एका नमुन्याला बांधलेले असते. सेराटोप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडिस या नावापुढे कंसात लिनियसचा आणि कंसाबाहेर ब्राँन्यारचा उल्लेख असतो. जातीला नाव दिले लिनियसने आणि आजच्या प्रजातीत आणले ब्राँन्यारने, असा त्याचा अर्थ. अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियमपुढे एकट्या लिनियसचे नाव आहे, कारण ते १७५३ पासून जागचे हललेले नाही.

आज एखाद्याला नेच्याची नवी जात सापडली तर केवळ छायाचित्र पुरत नाही. वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेला एक नमुना ‘प्रारूप’ म्हणून ठरवावा लागतो आणि तो वनस्पतिसंग्रहालयात ठेवावा लागतो. १ जानेवारी १९५८ पासून प्रारूप नमूद करणे बंधनकारक आहे. वर्णन लॅटिनमध्येच हवे, ही अट २०१२ पासून गेली. आता इंग्रजीही चालते. पुण्यातले भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर संग्रहालय येथे असे नमुने जपले जातात. याच ब्लॅटर यांनी डी’आल्मेडा यांच्यासह १९२२ मध्ये ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक लिहिले. तत्कालीन मुंबई इलाख्यातल्या नेच्यांच्या अभ्यासासाठी ते आजही चाळावे लागते.

एकाच नावाखाली अनेक जाती असू शकतात का?

असू शकतात, आणि पाणनेच्याच्या बाबतीत तसे आढळलेही आहे. जपानी संशोधक मासुयामा आणि वातानो यांनी आशियातल्या सेराटोप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडिसचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. वरवर एकसारखी दिसणारी ही रोपे आपापसात नीट संकर करू शकत नाहीत, असे त्यांना आढळले. २०१० मध्ये त्यांनी या एका नावाखाली दडलेल्या जाती वेगळ्या केल्या.

अशी विभागणी झाली की जुने नाव कोणाला द्यायचे, हा प्रश्न उभा राहतो. तिथे प्रारूप नमुना निर्णायक ठरतो. जुने नाव जिथला नमुना होता तिथल्या, म्हणजे श्रीलंकेतल्या रोपांशी जुळणाऱ्या गटाकडे राहते आणि बाकीच्यांना दुसरी नावे मिळतात. त्यामुळे कोकणातल्या खाचरांतला पाणनेचा नेमका कोणत्या गटातला, याचे उत्तर पुस्तकातल्या यादीवरून मिळणार नाही. त्यासाठी रोप हातात घेऊन, बीजाणू आणि गुणसूत्रे मोजूनच पाहावे लागेल.

एका नावावरून समुद्र कसा शोधता येतो?

नावाला किती वजन असते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी संबंधित आहे. २००२ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले बोंडे आणि कुमारन यांनी दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळाच्या खडकांतून एका नेच्याच्या जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी त्याला अ‍ॅक्रोस्टिकम इंटरट्रॅपियम असे नाव दिले. लाव्हाच्या दोन थरांमधला, असा त्याचा अर्थ. क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरचा, म्हणजे डायनोसोर नाहीसे होण्याच्या सुमाराचा हा अवशेष. या प्रजातीचा तोपर्यंतचा सर्वांत जुना अवशेष म्हणून तो मांडला गेला.

आज या प्रजातीची ओळख खारफुटीतला नेचा अशी आहे. त्यामुळे दख्खनच्या खडकात तो सापडला, तर तिथे कधीकाळी समुद्राचे पाणी पोहोचत होते का, हा प्रश्न लगेच पुढे येतो. मध्य भारतात त्या काळी समुद्राची शाखा शिरली होती की नाही, यावर भूशास्त्रज्ञांत जुना वाद आहे. मात्र सावधगिरीही आवश्यक आहे. अ‍ॅक्रोस्टिकमची अमेरिकेतली जात गोड्या पाण्याच्या दलदलीतही वाढते आणि त्याचा सख्खा, सेराटोप्टेरिस, तर गोड्या पाण्यातलाच. नाते समजले की केवळ नावावरून समुद्र गृहीत धरता येत नाही, हेही समजते.

कांदळवनांसाठी या नावाचे महत्त्व काय?

महाराष्ट्रात २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि त्यांच्याभोवती ५० मीटर संरक्षित पट्टा राखण्याचे बंधन कायम ठेवले. २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाला. पण कांदळवन म्हणजे नेमक्या कोणत्या वनस्पती? गावात अनेकदा सगळ्यांनाच ‘तिवर’ म्हटले जाते. त्यात कांदळ, चिपी, मरांडी असे बरेच काही मोडते.

खारफुटीच्या अभ्यासात प्रमाण मानल्या जाणाऱ्या टॉमलिन्सन यांच्या १९८६ च्या ग्रंथात खारफुटीचे प्रमुख घटक, दुय्यम घटक आणि सहचर असे तीन गट केले आहेत. अ‍ॅक्रोस्टिकमचा समावेश दुय्यम घटकांत आहे. म्हणजे तो खारफुटीचाच, पण जंगल उभे करणारा नव्हे. हा फरक कागदावरचा वाटला, तरी जमिनीवर त्याचे परिणाम दिसतात. झाडे तोडली, उजेड वाढला की हा नेचा झपाट्याने पसरतो आणि त्याच्या दाट गर्दीत कांदळाची रोपे रुजत नाहीत. मलेशियातल्या मातांग येथील खारफुटी जंगलात, जिथे शंभरहून अधिक वर्षे नियोजनबद्ध तोड आणि लागवड होते, पुनर्लागवडीपूर्वी हा नेचा काढावा लागतो.

म्हणून लांबून हिरवा दिसणारा पट्टा कांदळवनाचाच असेल, असे नाही. उलट, नुसता नेचा उरलेली जमीन मोकळीच आहे, असे म्हणणेही धोक्याचे. तिथे भरतीचे पाणी येते आणि पूर्वी झाडे होती, याची ती खूण असू शकते. नेचा म्हणजे तण समजून सरसकट उपटणेही चुकीचे ठरेल. तो बाहेरून आलेला नाही, या किनाऱ्याचा मूळ रहिवासी आहे. प्रश्न तो आहे की नाही हा नसून, तो कशाबरोबर आणि किती आहे, हा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी पाहणी करणाऱ्याला चिपी, कांदळ, तिवर आणि नेचा वेगवेगळे ओळखता आणि वेगवेगळे नोंदवता यायला हवेत.

रत्नागिरीत पुढे काय करता येईल?

खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातलेल्या खार जमिनी, ओस पडलेली खाचरे, खाडीकाठचे भराव यामुळे गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा कोकणात सरकत असते. खाजणातला नेचा या सीमेच्या खाऱ्या अंगाला, तर पाणनेचा गोड्या अंगाला वाढतो. बांध फुटून खाचरात खारे पाणी शिरले तर पाणनेचा टिकणार नाही. बांध घालून भरती अडवली तर खाजणाचे रूप पालटेल. त्यामुळे या दोघांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तर खाडीकाठच्या बदलांचा एक स्वस्त मापक हाती येऊ शकतो.

महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना हे काम अवघड नाही. ठिकाण, तारीख, पाणी खारे की गोडे, सोबतची झाडे कोणती, एवढी माहिती आणि एक नीट वाळवलेला नमुना पुरेसा आहे. छायाचित्रावरून केलेली ओळख उद्या चुकीची ठरली, तर ती तपासायला काही उरत नाही. नमुना असेल तर शंभर वर्षांनीही कोणी तरी तो पुन्हा पाहू शकतो. श्रीलंकेतून गोळा केलेली ती जुनी रोपे जपली गेली, म्हणूनच आज पाणनेच्याचे नाव कोणत्या गटाकडे जाते, हे ठरवता येते.